ओली वाळू

शिरोलीच्या फौंड्रीत सव्वीस वर्षं
मी वाळूच कुटत आलोय.
काळी वाळू, कोळशाची भुकटी मिसळलेली.
मुठीत आवळायची, मूठ उघडायची,
बोटांचे वळ नीट उठले की समजायचं
पाणी बरोबर पडलंय.

म्हणून राधानगरीच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याकाठी,
जिथं मे महिन्यात पाणी मागं सरतं
आणि वर्षभर बुडालेला एक किनारा
दोन महिन्यांपुरता वर येतो,
तिथं उतरल्या उतरल्या
इरफान तंबूची पिशवी सोडत होता, भूपाल भडंगाची,
आणि मी वाकून मूठभर वाळू उचलली.
आवळली. उघडली.
सगळी सांडली.
"रिजेक्ट," भूपाल म्हणाला.
आम्ही हसलो,
मग पलीकडच्या डोंगरात तेवढंच कुणीतरी हसलं.

भूपालची सुकन्या, नऊ वर्षांची,
पाण्याकडं बघत:
"हा समुद्र हाय?"
"न्हाई गं," इरफान म्हणाला,
"समुद्राला पलीकडचा काठ नसतोय."
तिनं विचार केला.
"असतोय की. लांब असतोय फक्त."

खुंट्या काही केल्या धरेनात.
मी ठोकतोय, त्या तिरक्या होतायत,
दोरी ओढली की दातासारख्या सुटून येतायत.
म्हशी पाण्यावर आणलेला धाकू झोरे
काठीवर हनुवटी ठेवून बराच वेळ मजा बघत राहिला.
मग म्हणाला, "ठोकताय कशाला?
दगडाला दोरी बांधा अन् पुरा दगड तिच्यात.
वाळू मारानं ऐकत न्हाई. वज्यानं ऐकती."

सव्वीस वर्षं. एकानं सांगितलं नव्हतं.

दुपारभर ट्रॅक्टरच्या ट्यूबवर भूपाल
पोट वर करून तरंगत होता.
पंचगंगेत पोहायचं मी कधीच सोडलंय,
का ते कोल्हापूरकराला सांगायला नको.
इथं गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिलो
आणि खाली बघितलं तर
माझ्याच पायाची दहा नखं.
वरचं पाणी कोमट, गुडघ्याखालचं गार,
दोन ऋतूंत एकदम उभा असल्यागत.

"जाळ मोठा करू नगासा," जाताना धाकू म्हणाला,
"पाण्याला येणारी बिचकत्यात."
"कोण येणारी?"
"येणारी."

खर्डा, भाकरी, कांदा.
निखारे विझवले तशी
भट्टीचा तांबूस डाग नसलेलं आभाळ
डोळ्यांना सोसेना.
कधीतरी मध्यरात्री
कापडाच्या पलीकडं श्वास.
जड, ओला, घाई नसलेला.
मग पाणी ओढल्याचा आवाज, लांबलचक.
इरफाननं माझं मनगट धरलं, ते सोडलंच नाही.
तंबूची चेन कुणी उघडली नाही.
सुकन्या तेवढी झोपलेली.

सकाळी ओल्या काठावर गव्याचा खूर.
दोन अर्धी, मधे सरळ रेघ,
कडा कुठंच ढासळलेली नाही.
पॅटर्न नाही, पेटी नाही, रॅमर नाही.
मी गुडघे टेकून बसलो,
फोरमन नव्या पोराचा साचा तपासतो तसा.
खोट निघेना.
पाणी त्यात भरत होतं,
वरनं कुणी ओतत नव्हतं,
खालनंच चढत होतं, हळूहळू.
सुकन्येनं शेजारी आपलं पाऊल दाबलं.
उथळ उठलं. तिनं जोरात उडी मारली.
तरी उथळच.

आमचा कचरा इरफाननं पोत्यात भरला,
कुणाची तरी जुनी बाटलीही.
दगड उकरून काढले, खड्डे बुजवले.
पावसाळ्यात इथं पुन्हा वीस पुरुष पाणी.

सोमवारी पहिल्या शिफ्टला बूट झटकले
तर पिवळी वाळू सांडली, चमचाभर.
सुपरवायझर ओरडला,
"बाहेरची वाळू आत आणू नका,
कास्टिंगला भोकं पडतात."

मी म्हणालो,
पडू दे एखादं.