इशारा पातळी

सहा आठवड्यांची रजा टाकून आलेय
आई-बाबांना न्यायला.
आई विनिपेगला ‘विणीपेक’ म्हणते,
काहीतरी विणायला घेतल्यासारखं,
आणि मी आता दुरुस्त करत नाही.

आधी कागद.
बाबांची जन्मतारीख एक जून,
गुरुजींनी अख्ख्या वर्गाला दिली होती तीच.
एका दाखल्यावर भूपाल, दुसऱ्यावर भुपाल.
एवढ्याशा उकारासाठी पाचशेचा स्टॅम्प पेपर,
राजवाडा चौकात टाइप करून घेतला:
‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
वरील दोन्ही नावांचा इसम मीच.’
बाबांनी दोनदा वाचलं.
‘बरं झालं,’ म्हणाले, ‘लेखी असलेलं बरं.’

ठशांसाठी पुण्याला गेलो.
काचेवर आईची बोटं उमटेनात.
तीस वर्षं वखारीत हळकुंडं निवडली,
रेघा तिथंच राहिल्या.
मशीनवरची मुलगी म्हणाली, पुसा, पुन्हा ठेवा.
पुसली. पुन्हा ठेवली.
पाचव्या खेपेला अंगठा लागला, फिकासा,
आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं
जणू मीच पास झाले.

मी थर्मल, बूट, कानटोपीचं बोलते.
ती विचारते, दिवस कधी मावळतो?
अंधार पडल्यावर ती तोंडात काही घालत नाही,
लग्नाच्या आधीपासून.
फोनवर बघून सांगते: डिसेंबरात साडेचारला.
‘आन् जूनमध्ये?’
रात्री पावणेदहाला.
भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला.
‘म्हंजे जूनमध्ये तरी
तुमच्याबरोबर बसून जेवीन.’

तेवीस किलोच्या चार बॅगा.
बाबा मार्केट यार्डात तोलार होते.
बॅग नुसती उचलून सांगतात, साडेचोवीस.
काटाही साडेचोवीस म्हणतो.
मग काय काढायचं, यावरून काल मी ओरडले,
‘तिथं सगळं मिळतं, बाबा!’
‘मिळतं,’ म्हणाले, ‘म्हाईत हाय.’
आणि हळदीची पिशवी स्वतःच बाहेर काढून ठेवली.
रात्री मी ती परत आत घातली,
माझे दोन ड्रेस काढून.

गावभागातलं घर विकलं.
मधल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा:
मी पाचवीत, मी सातवीत, मी दहावीत.
त्यांच्याही वर, हातभर वर, दोन हजार एकोणीस.
मला तिथवर यायला सोळा वर्षं लागली,
पाणी चार दिवसांत माझ्याहून मोठं झालं.
घेणारा म्हणाला, रंग मारून घेतो.
बाबा म्हणाले, मारा की.
संध्याकाळी बघते तर
ओला फडका घेऊन चौकट पुसत होते,
रेघा तेवढ्या सोडून.

आज हरिपूरला आलो,
कृष्णेला वारणा मिळते तिथं.
मी सांगितलं, तिकडेही दोन नद्या मिळतात,
एकीचं नावच तांबडी.
थंडीत गोठतात, माणसं वरून चालत जातात.
‘नदीच्या अंगावर पाय देऊन?’ आई म्हणाली,
आणि पदर सावरून थोडी मागं सरकली.
बाबांनी भलतंच विचारलं.
‘फुगती का?’
फुगते. एप्रिलात, बर्फ वितळला की.
‘कशात मोजत्यात?’

मला माहीत नव्हतं.
सात वर्षं झाली तिथं राहून.
फोनवर शोधलं.
सगळा देश मीटरमध्ये मोजतो,
ती नदी तेवढी अजून फुटांत.

‘फुटांत,’ बाबा म्हणाले.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
आयर्विन पुलाचा आकडा ज्यांनी कधी चुकवला नाही,
ते खाली वाकून बघत होते
पाणी कितव्या पायरीला आहे.
मग पाठमोरेच म्हणाले,
‘आकडा रोज कुठं लावत्यात
तेवढं बघून ठेव.’