पळम

सावद्याच्या पुढे, निंभोऱ्याच्या फाट्याला
केळीच्या पॅकहाऊसात मी नोंदी ठेवते.
घड किती आले, फण्या किती निघाल्या,
खोकी किती भरली, कोण उशिरा आलं.

दिवाळीनंतर कंपनीने तेनीहून माणूस पाठवला,
इळंगो.
ते नाव दोन दिवस आमच्या जिभेवरून घसरत राहिलं,
तिसऱ्या दिवशी त्याचा लिंगोभाऊ झाला
आणि तो त्या हाकेलाही वळून बघू लागला.

पहिल्याच आठवड्यात टाक्याजवळून ओरडला,
"पळम! पळम!"
हुरमतबाई तडवीने हातातली फणी पाण्यात सोडली
आणि पळाली.
तिच्यामागे सगळ्या, ओल्या पायांनी,
पार वजनकाट्यापर्यंत.
साप? आग? वायर तुटली?
तो टाक्याशी एकटाच उभा,
हातात एक पिवळं केळं.

त्याच्याकडे पिकल्या फळाला पळम म्हणतात.
एक पिकलेलं खोक्यात गेलं
तर अख्खं खोकं वाटेतच पिकतं,
एवढंच त्याला सांगायचं होतं.
"आन् कच्च्याले काय म्हनता?"
"काय."
"कच्च्याले, कच्च्याले!"
"काय."
"आरे, त्येच तं इचारू राह्यली ना भो!"
त्याने टाक्यातून हिरवी फणी उचलली,
पाणी गळत असताना तिच्या नाकासमोर धरली.
"काय, अक्का. काय."
आम्ही जे विचारतो
ते त्याच्या गावी झाडाला लागतं.

हसलो. चहा झाला.
पण हसल्याने सगळं सुटत नाही.
खोक्यांवर शिक्के उलटे पडले, तेव्हा
मी त्याला चारचौघींत झापलं.
तो समोर उभा राहून
मान डावीउजवीकडे झुलवत राहिला.
मी रजिस्टरात लिहिलं: ऐकत नाही. उर्मट.
खाली तारीख टाकली,
परत आलेल्या मालाला टाकते तशी.

दुसऱ्या दिवशी शिक्के सरळ होते.
तिसऱ्याही.
मग एका दुपारी तो केळीच्या सावलीत बसून
फोनवर आईशी बोलत होता.
पडद्यावरची म्हातारी काहीतरी बजावत होती
आणि तो तिच्या प्रत्येक वाक्याला
तीच मान, तश्शीच झुलवत होता.
इतका गुणी मुलगा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

संक्रांतीला त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला,
गोड बोल म्हणालो.
त्याने दोन्ही हातांनी घेतला, खिशात ठेवला,
कामाला लागला.

त्याचीही एक वही होती, गोल गोल अक्षरांची.
आमचे शब्द एका बाजूला, अर्थ दुसऱ्या.
"वाच की," मी म्हटलं.
तो हिंदीत, बोट ठेवत, वाचत गेला.
येतो, म्हणजे जातो. आमच्याकडेही असंच.
पाच मिनिटं, म्हणजे एक तास.
बघू, म्हणजे पाहणे.
पुढच्या ओळीवर बोट थांबलं.
"वाच ना."
"बघू. इथे: नाही."

पोंगलची रजा त्याने तीनदा मागितली होती.
तीनदा मी बघू म्हणाले होते.
तो रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी रेंगाळायचा,
आज तरी कोणी बघितलं असेल म्हणून.
आम्ही तीळ वाटत होतो त्या सकाळी
तेनीला त्याच्या अंगणात
भात उतू जात होता.

रात्री लाइट गेल्यावर, मोबाइलच्या उजेडात
मी ते पान काढलं.
उर्मट खोडलं, इतकं की कागद फाटला.
शेजारी, माझ्याच नावापुढे,
एक शब्द लिहिला.

हुरमतबाई डबा आवरत होती.
"काय लिवलं?"

मी मान डावीउजवीकडे झुलवली.