तीस मीटर

परळच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
एक्स-रेच्या मागचा कॉरिडॉर
बरोब्बर तीस मीटर भरतो.
दोन टोकांना दोन नारिंगी शंकू,
माझ्या गळ्यात स्टॉपवॉच.
सहा मिनिटं. जमेल तेवढं चाला.
धाप लागली तर थांबा,
घड्याळ मात्र थांबणार नाही.

किती वाढलं म्हणजे औषध लागू पडलं,
यावर मार्चमध्ये सभा झाली.
कुणी म्हणालं पंचवीस, कुणी पस्तीस.
आलेख निघाले, जुन्या चाचण्या निघाल्या.
पावणेदोनला बाहेर ताटं वाजू लागली
आणि मीही हात वर केला: तीस.
कॉरिडॉरची एक फेरी. हिशेबाला सोपं.

द्वारकानाथ पागधरे, वय एकाहत्तर,
इंदिरा डॉकमधले निवृत्त टॅली क्लार्क.
पहिल्या दिवशी दोनशे ऐंशी,
सहा महिन्यांनी तीनशे दोन.
फरक बावीस.
रकान्यात मी लिहिलं: नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून ते वाचलं.
म्हणाले, "बोटीच्या अंगावर आकडे असतात, बाई.
पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय
ते बघून माल ओळखायचो आम्ही.
बोटीला चार बोटं"
(इथे स्वतःच हसले, खोकले, हात वर करून थांबा म्हणाले)
"चार बोटं पाणी चढलं तर दोनशे टन आत आले.
पडावाला चार बोटं चढलं
तर पडावच गेला.
तुमच्या कागदावर मी कोण आहे?"

मी उत्तर दिलं नाही. विचारलं,
घरी काही फरक?
"शिवडीला आमच्या गेटाशी बाकडं आहे.
तिथवर आधीही जायचो.
आता परतही येतो.
आधी नातू खुर्ची घेऊन यायचा मागनं."

त्याच दुपारी भायखळ्याच्या एस्तर पेणकर.
एक्केचाळीस मीटर! रकान्यात: होय.
मी टाळी वाजवायचीच बाकी होते.
त्या पदराने मान पुसत म्हणाल्या,
"चालता येतंय गं.
पण जायचं कुणाकडे?
बहिणी दोघी अश्दोदला. शेजारी बिल्डरने नेले."

फॉर्मच्या तळाशी शेरा म्हणून
अर्धी ओळ असते.
संगणक ती वाचत नाही.
पागधऱ्यांच्या फॉर्मवर लिहिलं:
बाकड्यापर्यंत. आणि परत.

एस्तरबाईंच्या फॉर्मवर
पेन टेकवून बसले.
शाईचा ठिपका पडला,
तेवढाच.