पाऊणकी

कोड पाठवण्याआधी हे वाच.
फार नाही, चहा निवेपर्यंत संपेल.

टॅब नकोत, चार स्पेस दे.
वाद घालू नकोस, माझाच माझ्याशी अजून मिटलेला नाही,
पण नाट्याच्या धक्क्यावर जाळं विणायला बसलेल्या सहा जणांत
एकाचा आसा बोटभर मोठा पडला
तर मासा नेमका तिथूनच जातो,
आणि तो आसा कुणाचा, हे संध्याकाळपर्यंत गावाला माहीत असतं.

नावं पूर्ण लिही.
'भ' म्हणजे भरती की भांग
हे रात्री दोन वाजता खलाशी कुणाला विचारणार?
एका पॅचमध्ये एकच काम.
साफसफाई वेगळी पाठव,
कोळंबीच्या टोपलीत धुतलेले कपडे कुणी ठेवत नाही.

आता अंकांचं.

या प्रोग्रामच्या पोटात एक फंक्शन आहे, पाऊणकी.
तिथी घेतं, पाऊणने गुणतं, भरतीची वेळ देतं.
तीन पाऊणे सव्वादोन, आठ पाऊणे सहा.
इस्माईलचाचा होडेकर ही पाऊणकी शाळेत नाही,
वल्ह्यावर शिकले.
मी ती त्यांच्याकडून उतरवून घेतली
आणि वर कॉमेंट लिहिली : हे बदलू नका.
का, ते लिहिलं नाही.

चूक तिथे झाली, आणि ती माझी.

भंडाऱ्याहून सुगत रामटेकेचा पॅच आला.
तळ्यांच्या जिल्ह्यातला मुलगा, समुद्र न पाहिलेला.
त्याने लिहिलं होतं : चोवीस भागिले तीस,
म्हणजे शून्य पूर्णांक आठ,
पाऊण हा जुना अंदाज.
कोड इतका देखणा की हेवा वाटावा.
स्पेस मोजून चार, नावं पूर्ण,
टेस्ट सगळ्या हिरव्या
(टेस्टही त्यानेच लिहिलेल्या).
रात्री साडेअकराला जांभई दाबत मी मर्ज केला.

पंधरा पाऊणे सव्वाअकरा.
नव्या हिशेबाने पौर्णिमेला बारा.
फरक पाऊण तासाचा,
पुढच्या दाराने घालवलेला पाऊण
मागच्या दाराने आत आला होता.
होडेकरांच्या धाकट्याने फोन पाहिला, बापाला विचारलं नाही,
आणि खाडीच्या तोंडाशी बोट वाळूवर बसली.
माणसं ठीक.
बर्फ गेला. रात्रीच्या भरतीला बोट सुटली तोवर
बांगड्याने सगळ्यांना आपला निकाल कळवला होता.

सुगतला मी काय लिहिलं ते आता खोडलंय.
त्याने उत्तर दिलं नाही.
राजापूरहून येणाऱ्या दुपारच्या एसटीतून तो उतरला,
पाठीवर लॅपटॉप, हातात इंचाइंचाला रंगवलेला बांबू.
तो त्याने धक्क्याच्या पायरीला बांधला
आणि पंधरा दिवस पाण्याची वही लिहिली.
पहाटेची वेळसुद्धा. डासांसकट.

वहीतून निघालं ते असं :
त्याचा वेग बरोबर,
पण आमच्या खाडीत पाणी पाऊण तास आधीच भरतं.
पाऊणकी पौर्णिमेला खरी, प्रतिपदेला खोटी.
मी चाचांना म्हटलं, तुम्हाला हे ठाऊक होतं?
"घड्याल नाय त्याला पावन," ते म्हणाले,
"घड्याल हाय त्यानं पानी बगावं."
आणि सुगतला सुईत दोरा कसा भरायचा ते दाखवू लागले.

म्हणून फाइल उघडलीस की दोन फंक्शन दिसतील.
एक सुगतचं.
दुसरी पाऊणकी, तिला आता कुणी बोलावत नाही,
पण ती काढायची नाही. का, ते यावेळी लिहिलं आहे,
अकरा ओळी.

अंक बदललास तर का ते लिही.
तसाच ठेवलास, तरी लिही.

सुगतच्या वहीची पानं सोबत जोडली आहेत.
दशमीच्या पानावर चहा सांडलाय, वेळ वाचता येत नाही.
ती जागा रिकामी ठेवली आहे.
अंदाजाने भरू नकोस.
दशमीला ये. बांबू इथेच आहे.