पुन्हा सुरू

ओइवाच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी,
तो करडा खोका अकरा दिवस
उठतोय आणि पडतोय.
पंखा गुरगुरतो, निळं चिन्ह उमटतं,
त्याखाली ठिपके गोल फिरू लागतात,
आणि आता येईल, आता येईल म्हणेपर्यंत
काळोख.
मग परत गुरगुर.
पहिले पाढे पंचावन्न.

मी लिफ्टची मेकॅनिक. तीस वर्षं
केमीतल्या इमारतींमधून
अडकलेली माणसं बाहेर काढली.
संगणक माझं काम नव्हे, हे मी जिन्यातच सांगितलं होतं.
"लिफ्टसुद्धा मधेच थांबते की, राइली,"
म्हणत त्याने कॉफी ओतली.
यावर काय बोलणार?

ऊलूहून त्याची मुलगी फोनवर सांगते,
नवा घ्या बाबा, तो भंगारात टाका.
"त्यात बर्फ आहे," ओइवा म्हणतो.
मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

नदीवरचा बर्फ कोणत्या दिवशी फुटला,
किती वाजता, वारा कुठला, आधी कोणी पाहिलं:
चौतीस वसंत, चौतीस ओळी.
"आणि वह्या?"
"सौनाच्या भट्टीत. यंत्रात आल्यावर
कागद कशाला ठेवायचा?"
हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

चार स्क्रू. झाकण निघालं.
आत मांजराचे केस, एक नाणं,
आणि धुळीची इतकी जाड साय
की चमच्याने काढावी.
मेमरीची पट्टी काढली, खोडरबराने घासली, परत बसवली.
काळोख.
दुसऱ्या खाचेत बसवली. काळोख.
पंखे फिरत होते, कुठे जळका वास नव्हता,
फुगलेलं, गळकं काही नव्हतं.
सुरक्षित मोडमध्येही तेच.
विंडोज यायच्या आधीच्या
त्या निळ्या-करड्या पडद्यावर थांबवून ठेवला,
जिथे काहीच चालू नसतं,
तर तिथूनही पडला.

मग मी सेकंद मोजायला बसले.
चौदा. नऊ. एकेचाळीस. सहा.
ज्याला वेळेचा नेम नाही
तो दोष डोक्यात नसतो, हातापायांत असतो,
हे मला लिफ्टनी शिकवलंय.

ओइवाने कप टेबलावर ठेवला.
काळोख.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
"परत ठेव."
ठिपके फिरू लागेपर्यंत तो कप हातात धरून थांबला,
मग ठेवला, नेहमीसारखाच, ठक्‌कन.
काळोख.
"अजून एकदा," तो स्वतःच म्हणाला,
आणि हसला, अकरा दिवसांत पहिल्यांदा.

खोक्याच्या तोंडावर, मोठ्या बटणाखाली,
वाटाण्याएवढं दुसरं बटण: पुन्हा सुरू करायचं.
ते अर्धं आत रुतलेलं,
भोवती नारिंगी, वाळलेला, चिकट थर.
मी नखाने खरवडून वास घेतला.
क्लाउडबेरीचा मुरंबा.
बिचारं यंत्र! टेबल हललं की त्याला वाटायचं
कोणीतरी सांगतंय, पहिल्यापासून कर,
आणि ते मुकाट्याने करायचं.

आतून त्या बटणाच्या दोन बारीक तारा उपटल्या,
टोकांना चिकटपट्टी गुंडाळली.
चौदा सेकंद. एकेचाळीस. दोन मिनिटं.
मांजराचा फोटो आला, त्यावर घड्याळ.
मी मुद्दाम टेबलावर मूठ आपटली.
फोटो जागचा हलला नाही.

"आता ते बटण?"
"मेलं. दाबलंस तरी काही होणार नाही."
त्याने दाबून पाहिलं.
थोडा वेळ थांबून पुन्हा दाबलं.

मग फडताळातून कोरी वही काढली,
माझ्यासमोर चष्मा सरकवला, त्याचाच,
आणि पेन घेऊन वाट बघत बसला.
बाहेर नदी अजून पांढरी, एप्रिलची पंचवीस तारीख.
मी वाचत गेले, तो लिहीत गेला,
दिवस, तास, वारा, नाव.
ब्याण्णवच्या ओळीत तास नव्हता, नावही नव्हतं, एवढंच होतं:
कोणी पाहिलं नाही. सकाळी उठलो तर मोकळी.