चंदेरी पडदा

पहिली गोष्ट कॅमेऱ्यानेच शिकवली, तीही रुसून.
शारजा, अल खानचा किनारा, पहाटे साडेपाच.
एसीच्या खोलीतून आणून पिशवीबाहेर काढला
तर भिंगावर धुकं. पुसलं, पुन्हा चढलं.
जिन्सी ओठ रंगवून उभी,
इमारतींच्या मागून उजेड सांडायला लागलेला,
आणि आमच्या हाती नुसती दुधाळ वाफ.
बाबा गाडीतून बघत होते. काच खाली करून म्हणाले,
"बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी त्याला, बाय.
अर्धा तास तरी.
मला दोन वर्षं लागली."

गाणं सुफियान परकारचं,
तीन भाषांत लिहिलेलं, तिन्हींत चुका.
त्याचे आजोबा दाभोळचे, माझे गुहागरचे,
मधे एक खाडी,
जी आम्ही दोघांनी नकाशावरच ओलांडली आहे.

हळू दिसायचं असेल तर दुप्पट वेगाने गावं लागतं
हे दुसऱ्या शुक्रवारी कळलं.
गाणं पळवत वाजवायचं, चिमण्यांच्या आवाजात,
जिन्सीने धापा टाकत ओठ जुळवायचे,
मग संगणकावर सगळं निम्म्यावर आणायचं.
केस पाण्याखाली असल्यासारखे हलतात
आणि शब्द येतात अगदी सावकाश,
जसं काही कुणालाच कुठे जायचं नाही.
मला कार्डाचे फोन आठवले, माझ्या जन्माआधीचे, ऐकीव.
मिनिटं संपायच्या आत बाबा भरभर बोलायचे म्हणे,
आणि आई गावाला आठवडाभर
तेवढंच पुरवून पुरवून ऐकायची.

पार्किंगच्या छतावर हर्कबहादूरने अडवलं. "वरका?"
शाळेचं पत्र दाखवलं. त्यावर शिक्का नव्हता.
शिक्का नसलेलं पत्र इथे पतंगालासुद्धा चालत नाही.
त्याने घड्याळ बघितलं, दहा बोटं दाखवली,
आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.
दहाची पंचवीस मिनिटं झाली.
नंतर चित्रफितीत दिसलं, डाव्या कोपऱ्यात
त्याचा काळा बूट ठेका धरतोय,
सुफियानच्या ड्रमपेक्षा नेमका.
तो शॉट कापावा लागला. नोकरी त्याची होती.

वाऱ्याने आवाज खाल्ला, उन्हाने फोन तापून बंद पडला,
जिन्सीने दोन शुक्रवारांत दोन वेगळे कानातले घातले,
त्यामुळे एका ओळीत ते कानावर उडी मारून बदलतात.
हे लिहून ठेवलंय मी वहीत.
जे लिहिलं नाही ते हे,

की उजेड परतवायला आमच्याकडे काही नव्हतं,
तेव्हा बाबांनी गाडीच्या काचेला लावायचा
तो चंदेरी पडदा काढला, दोन्ही हातांनी धरला
आणि तीन तास उभे राहिले.
"थोडं डावीकडे, बाबा. वर. अजून वर. हलू नका."
सतरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हुकूम सोडत होते
आणि ते ऐकत होते,
जसे चिलर दुरुस्त करताना कुणाचं तरी ऐकत असतील.
घाम पुसायला हात मोकळा नव्हता.
मी पाहिलं. आणि म्हटलं, "अजून एकदा."

रात्री संकलन करताना एका फ्रेमवर थांबले.
जिन्सीचा चेहरा पडदाभर,
तिच्या बुबुळात तांदळाएवढा एक चौकोन चकाकतोय,
चौकोनाखाली दोन बारीक काळ्या रेघा.
मोठं केलं. पाय होते ते.
आणखी मोठं केलं तर नुसते ठिपके राहिले.

मिस नसरीननी लिहिलं : उजेड चांगला. शेवट लांबला.
श्रेयनामावलीत सहाच ओळी मावत होत्या,
आम्ही सहाजण होतो.

बाबांनी फोनवर दोनदा बघितलं,
दुसऱ्यांदा आवाज बंद करून.
मी वाट बघत होते काहीतरी म्हणतील याची.
"तो पडदा कुठे टाकलास गं?" ते म्हणाले,
"स्टिअरिंगला हात लावता येत नाहीये."