तिखट कान

कारखान्यात माझ्या कानाला पगार होता.
बिदगोश्च शहरात, ब्रदा नदीच्या काठी,
पट्ट्यावरून एकेक रिसीव्हर पुढे सरकायचा,
मी मान जराशी कलती करायचो,
आणि ज्याच्या पोटात बारीकशी शीळ असेल
त्याच्या पाठीवर लाल खडूची फुली.
बाकीचे यंत्र लावून मोजायचे. मी नाही.
फोरमन म्हणायचा, बोगुमिलचे कान तिखट,
खोटं बोलणारं कॉइल त्याच्यापुढे टिकत नाही.

हे मी हाल्श्काला इतक्या वेळा सांगितलं
की पुढे पुढे वाक्य तीच पुरं करायची.

आता चौऱ्याहत्तर.
पेन्शनमधून साठवून नवा रिसीव्हर आणला,
काळा, जड, पुढे एवढासा लाल दिवा.
वरच्या मजल्यावरची कालिना, वय नऊ,
किल्ली विसरली की माझ्याकडे येऊन बसते.
परवा बूट काढता काढता थबकली.
"आजोबा, तुमची पेटी रडतेय."
कुठली पेटी?
"ती. बंद आहे, तरी."

मी कान लावला. काही नाही.
फ्रिज बंद करून आलो, कान लावला.
चष्मासुद्धा काढून पाहिला.
"डासासारखं," ती म्हणाली,
"पण डास उडून तरी जातो."

मग तिलाच माझा कान केलं.
झाकण उघडलं. डावा हात खिशात,
ही जुनी शिस्त, वीज छातीतून जाऊ नये म्हणून,
उजव्या हातात हाल्श्काची विणकामाची लाकडी सुई.
पोरीला दाराशी उभं केलं,
पुढे पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं,
आणि एकेका भागावर सुईचं टोक टेकवत गेलो.
आता?
"रडतेय."
आता?
"रडतेय."
हा कपॅसिटर?
"तसंच."
तांब्याच्या वेढ्यांचं एक कॉइल, बोराएवढं.
दाबलं.
ती काही बोललीच नाही.
तिचा चेहरा सैल झाला फक्त,
घट्ट बुटातून पाय निघाल्यावर होतो तसा.

प्लग काढून, थांबून, वेढ्यांवर लाखेचा थेंब सोडला.
वाळेपर्यंत तिनं बिटाचं सूप प्यायलं.
पुन्हा लावल्यावर म्हणाली, "गेलं."
डॉक्टरवर ठेवतात तसा विश्वास ठेवला मी.

रात्री सुई जागेवर ठेवायला
हाल्श्काचा खण उघडला. ती जाऊन दोन वर्षं झाली.
लोकरीच्या गुंड्यांखाली पत्र्याचा डबा,
डब्यात कापसाचे बोळे,
हातानं वळलेले, काही वापरलेले.
हे मला माहीत होतं.
माझ्या घोरण्यासाठी, असं मी धरून चाललो होतो,
पाहुण्यांत त्यावर विनोदही करायचो,
तीही हसायची.

उशाशी अजून तो जुना रिसीव्हर आहे,
मुलानं जर्मनीहून आणलेला,
अकरा वर्षं त्याचा दिवा विझलेला नाही.
आणल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात तिनं विचारलं होतं,
बोगुश, काहीतरी वाजतंय का रे?
मी म्हणालो,
वाजत असतं तर मला आधी कळलं असतं.

पुन्हा तिनं विचारलं नाही.

मघाशी त्याचा प्लग उपटला.
आधी शांत होतं, नंतरही शांतच.
पुन्हा लावला. पुन्हा उपटला.
उद्या कालिनाला या खोलीत बोलावता येईल.
एका शब्दाचं तर उत्तर आहे.
ती खरंच सांगेल,
तिला अजून दुसरं काही येत नाही.

डबा पलंगावर उघडाच आहे.
त्यातला एक बोळा कानात घालून बघितला.
माझ्या कानाला लहान पडतो.